पोरांची भिशी : पैसे टाकायला शिकवलं, काढायला कोण शिकवणार?

रंकाळावेस (धागाकर्ती)

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण घरात त्यावरनं दोन गट पडलेत म्हणून इथं टाकतेय.

लेक सात वर्षांची, दुसरीत. वाढदिवसाला मामानं तिला खेळण्यातलं एटीएम दिलं. नोट तोंडाशी धरली की रोलर आत ओढून घेतो, चार आकडी पिन दाबला की दार उघडतं आणि आतली बाई इंग्रजीत अभिनंदन करते. मातीची भिशी (पैसे साठवायचं खाचेचं मडकं) तिच्याकडं आधीपासूनच आहे, आज्जीनं टेंबलाईच्या यात्रेतनं आणलेली. आता एटीएम सारखं उघडतंय. पिन कुणाला सांगायचा नाही असं बजावलं, तर हिनं गॅलरीतनं ओरडून समोरच्या पोरांना सांगितला. स्टिकर, आवळा, चिंगम असा खर्च जोरात आहे. मातीच्या भिशीला मात्र कुणी हात लावत नाही. ती कपाटावर बसून जड होतेय.

सासूबाई म्हणतात, ह्या मशीननं पोरीला उधळायची सवय लागणार, देऊन टाक कुणाला तरी. नवरा म्हणतो, कपाटावरच्या भिशीनं तिला आजवर काय शिकवलं ते सांगा. मी मधे. परवा तीच मला विचारते, "मम्मी, ह्यातले पैसे मी कशाला साठवतो?" मी म्हटलं मोठी झालीस की कळेल. उत्तर मलाही पटलं नाही, तिलाही नाही.

तुमच्या घरी काय चालतं? भिशी, डबा, बँकेत खातं? कितव्या वर्षापासून? भाषण नको, घरात खरोखर काय करता ते लिहा.

तांबडापांढरा

पहिला नंबर!
भिशी फोडताना घरात जो कालवा होतो त्याच्यापुढं तुमचं एटीएम काय घेऊन बसलाय. खापऱ्या वेचताना बोट कापलं नाही तो कोल्हापूरचा न्हवं.

उद्यमनगरी

एटीएमचं माहीत नाही, पण त्या आपोआप मोजणाऱ्या बरण्या घेऊ नका. नाणं टाकलं की झाकणावर एकूण रक्कम दिसते, त्या. आमच्या पोराला घेतली होती. बरणीचा आकडा एक, हातानं मोजलेला दुसरा. पोरगं म्हणतंय, पप्पा, ही चोर आहे.

मग मी कारखान्यातनं व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) आणला आणि बसलो. ह्या बरण्या बहुतेक नाण्याचा व्यास बघून ठरवतात कितीचं आहे ते. आणि आपल्याकडची नाणी बघा. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं २५ मि.मी. आणि पाचचं २३. २०१९ ला नवी मालिका आली, त्यात दोनचं २३ आणि पाचचं २५. बरोब्बर उलटं! जुना रुपया २२, नवा २०. दहाचं २७ आणि वीसचंही २७. बाजारात सगळी एकत्र फिरतात. त्यात बरणी परदेशी नाण्यांच्या मापावर बनलेली असली तर विचारूच नका.

फायदा एवढाच झाला की पोरगं पाटावर दहा-दहाचे ढीग लावून मोजायला शिकलं. बरणीत आता शेंगदाणे आहेत.

घ्यायचंच असेल तर खेळण्यावर आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. बटण सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतंय ना तेही बघा. आणि घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर भिशी, नाणी, सगळंच उंचावर. नाणं गिळलेलं पोर घेऊन दवाखान्यात धावणारे बरेच बघितलेत.

निवृत्त_रोखपाल

रंकाळावेसताई, चाळीसएक वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय, त्यामुळं थोडं लांबतं, सांभाळून घ्या.

भिशी फोडून आलेली पोरं मला फार आवडायची. दिवाळीच्या सुट्टीत यायची. बाप रुमालात नाणी बांधून आणायचा आणि काउंटरवर ओतायचा. मागं रांग. माझा सहकारी वैतागायचा. तुम्ही जाणार असाल तर एकेका प्रकारची शंभर-शंभर नाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून न्या, रिझर्व्ह बँकेनंच तशी सूचना दिलेली आहे, वजनावरसुद्धा घेता येतात. बँकेला नाणी नाकारता येत नाहीत. दुकानदाराला मात्र एका व्यवहारात एक रुपयाची आणि त्याच्या वरची नाणी १,००० रुपयांपर्यंतच घ्यायचं बंधन आहे. आणि दहाचं नाणं चालत नाही हे खोटं. सगळ्या १४ नमुन्यांची दहाची नाणी चालतात असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ ला जाहीर केलंय. आपल्याकडं अजून भाजीवाली मान हलवते, तो भाग वेगळा.

खात्याबद्दल. आई किंवा वडील पालक म्हणून कुठल्याही वयाच्या मुलाचं खातं उघडू शकतात. दहा वर्षं पूर्ण झाली की मूल स्वतःच्या सहीनं खातं उघडू आणि चालवू शकतं, बँकेनं ठरवलेल्या मर्यादेत. हे २०१४ पासून आहे, २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याचं नवीन परिपत्रक आलंय. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाच्या नावानं बचत खातं निघतं, ५०० रुपयांत, व्याज ४ टक्के. मी पोस्टाच्या बाजूचा. पोरांना पासबुकावर शिक्का मारून मिळतो. मोबाईलवरच्या आकड्याला तेवढं वजन नसतं.

एक कळकळीचं सांगणं. गल्लीतली पतसंस्था अर्धा-एक टक्का व्याज जास्त देते म्हणून पोरांचे पैसे तिथं ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आपल्या जिल्ह्यात कुणाला हे वेगळं सांगायला नको.

पुण्यात_अडकलेला

इथं एक शास्त्रीय मुद्दा मांडतो. मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध आहे, स्टॅनफर्डचा. लहान मुलापुढं एक गोड पदार्थ ठेवायचा, थोडा वेळ थांबलास तर दोन देतो म्हणायचं. जी थांबली ती पुढं आयुष्यात यशस्वी झाली. भिशीचं तत्त्व तेच आहे, त्यामुळं सासूबाई बरोबर आहेत. एटीएम काढून टाका.

भोगावतीकाठ

दादा, तो प्रयोग २०१८ ला जास्त मुलं घेऊन परत तपासला गेला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर त्या थांबण्याचा परिणाम फारसा उरला नाही. ज्या घरात 'उद्या देतो' म्हटलेलं उद्या मिळतं, तिथलं पोर थांबतं. ज्याला आजवर मिळालंच नाही ते पहिला घास तोंडात टाकणारच की. शहाणं आहे ते.

आमच्या गावाकडचं सांगते. आमच्यात दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. माझी दोन्ही पोरं डेअरीत किटली घेऊन जातात, फॅट किती लागली ती चिठ्ठी वाचतात. आज फॅट का घसरली, पेंड बदलली का, एवढं त्यांना कळतं. बिलातले थोडे पैसे दोघांच्या डब्यात जातात. दिवाळीला दुधाचा फरक (वर्षभराच्या दुधावर संघ जादा देतो ती रक्कम) येतो त्यातलाही वाटा. डबा पत्र्याचा, कुलूप नाही. थोरल्यानं मागल्या साली त्यातनं एक करडू घेतलं. आता शेळी झालीय, तिला दोन पिल्लं झाली. धाकटीनं तिच्या डब्यातनं सगळ्या पैशांच्या बांगड्या आणि फुगे घेतले. फुगे दुसऱ्या दिवशी गेले. ती रडली, मी गप्प बसले. आता ती दादाच्या पिल्लातलं एक विकत मागतेय आणि तो किंमत वाढवून सांगतोय!

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न शंभर नंबरी आहे. कशाला साठवायचं ते आधी ठरवा, भिशी मातीची का मशीनची ते नंतर.

तांबडापांढरा

करडू घेणारं पोरगं उद्या साखर कारखान्याचा चेअरमन होतंय बघा.

शिवाजीपेठ_तालीम

विषयात एक राहिलंय, बोलतोच. भिशीतले पैसे घरचेच काढतात, त्याचं काय?

माझ्या लहानपणी माझी भिशी आमच्या घरातल्या मोठ्या माणसानं फोडली. नाव घेत नाही, आता ते नाहीत. अडचण असणार, मान्य. नवी भिशी आणली, आत दोन-चार नाणी टाकून वाजवून दाखवली आणि मला सांगितलं, बघ तुझे पैसे आहेत. मला वजनावरनं कळलं. नंतर कॉलेज होईपर्यंत मी हातात आलेला रुपया त्याच दिवशी खर्च केला. ठेवला तर जाईल, हेच डोक्यात बसलं होतं.

आज मी बघतो, लग्नात-बारशात पोरांच्या हातात पाहुणे पाकीट देतात आणि गाडीत बसायच्या आत ते आईच्या पर्सेत. "तुझ्या नावावर ठेवते." कुठल्या नावावर? कुणी कधी दाखवलंय?

गुजरी_गल्ली

+१. आणि दादा, हे प्रत्येक घरात आहे. 'तुझ्या नावावर ठेवते' हे महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं बुडीत कर्ज असेल.

आमच्याकडं नियम केलाय. पोरीच्या डब्यातनं सुट्टे लागले (रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, कायम लागतात) तर चिठ्ठी लिहून टाकायची. किती घेतले, कुणी घेतले, कधी देणार. खाली सही. पगार झाला की ती चिठ्ठ्या घेऊन बापाच्या मागं लागते. परवा तिनं व्याज मागितलं.

सायबर_चौक

व्याजावरनं आठवलं, मी देतो व्याज. मुलाच्या डब्यात महिनाअखेर जेवढे पैसे असतील त्याच्यावर दर दहा रुपयांना एक रुपया. लहान मुलाला टक्के कळत नाहीत, दहाला एक लगेच कळतं. त्यामुळं तो काढायचं टाळतो. उत्तम चाललंय.

निवृत्त_रोखपाल

सायबर_चौक साहेब, महिन्याला दहाला एक म्हणजे महिना १० टक्के. चक्रवाढीनं १०० रुपयांचे वर्षात जवळपास ३१४ होतात. पोरगं कॉलेजला जाईपर्यंत तुमचा फ्लॅट त्याच्या नावावर असेल. एवढं व्याज परवाना नसलेल्या सावकारालाही लावायला भीती वाटते हो.

चेष्टा सोडा, कल्पना चांगली आहे. फक्त दर तीन महिन्यांनी द्या, आणि खऱ्या बँकेत एवढं मिळत नाही हे त्याला लवकर सांगा. नाहीतर मोठा झाल्यावर 'महिना दहा टक्के' म्हणणारा कुणी भेटला की तो पहिला रांगेत उभा राहील. अशा रांगा मी बघितल्यात. त्यात मास्तर होते, डॉक्टर होते.

सायबर_चौक

हे लक्षात नव्हतं आलं. दर तीन महिन्यांनी करतो. पोरगं संप करणार आहे.

शिरोली_फाउंड्री

मला ह्या विषयाचं वेड आहे, पण जुन्या बँकांचं. रोज बीड (ओतीव लोखंड) ओततो, म्हणून असेल.

अमेरिकेत १८६९ च्या सुमारास बिडाच्या खेळण्यातल्या बँका निघाल्या, यंत्रावर चालणाऱ्या. कनेटिकटमधल्या क्रॉमवेल गावची जे. अँड ई. स्टीव्हन्स ही फाउंड्री त्यात पुढं. 'हॉल्स एक्सेलसियर' ही त्यांची त्या साली निघालेली बँक: दाराची घंटी ओढली की छतातनं रोखपाल माकड वर येतं, त्याच्यापुढं नाणं ठेवलं की ते आत घेऊन खाली जातं. (रोखपालकाका, राग नको.) १८७३ ची 'टॅमनी बँक' तर बघण्यासारखी. खुर्चीत एक जाडा पुढारी बसलाय, हातावर नाणं ठेवलं की तो ते सरळ स्वतःच्या कोटाच्या खिशात घालतो आणि मान डोलावतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल नावाच्या राजकीय टोळीची ती टिंगल होती. म्हणजे पोरांना बचत शिकवता शिकवता पैसा कुठं जातो तेही दाखवलं! त्याच काळात काळ्या, आयरिश, चिनी लोकांची घाणेरडी टवाळी करणाऱ्या बँकाही भरपूर ओतल्या गेल्या, तेही सांगायला पाहिजे. आज त्या संग्राहकांकडं आणि संग्रहालयात असतात, पोरांच्या हातात देण्यासारख्या नाहीत.

मुद्दा हा की नाणं टाकताना मजा आली पाहिजे, हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं. मजा नाणं टाकण्यात होती, म्हणून पोरं टाकायची. तुमच्या एटीएममध्ये मजा दार उघडण्यात आहे, म्हणून पोरगी उघडतेय. बनवणाऱ्यानं गंमत चुकीच्या बाजूला बसवलीय.

आणखी मागं जायचं तर जावा बेटावर चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या, मजपहित राज्याच्या काळातल्या डुकराच्या आकाराच्या मातीच्या भिश्या सापडल्यात. अख्खी मिळणं दुर्मीळ, कारण लोकांनी पैसे काढायला फोडल्या. तांबडापांढरा, तुमचे भाऊबंद तिकडंही होते.

तांबडापांढरा

जगात भारी!

पुण्यात_अडकलेला

शिरोलीकर, तो पुढारी आजही ओतून विकला तर खपेल.

(संपादक मंडळ : राजकारण नको, धागा पोरांच्या भिशीवर आहे.)

लक्ष्मीपुरी_पिग्मी

मी पिग्मी (रोज घरी-दुकानी जाऊन घ्यायची छोटी ठेव) गोळा करत होतो, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, मार्केट यार्ड. आता पोरगा करतो, त्याच्याकडं मशीन आहे, माझ्याकडं वही होती. ही पद्धत आपल्याकडं इतकी मुरलीय की लोकांना वाटतं कोल्हापुरातच जन्मली. ती उडुपीची. सिंडिकेट बँकेनं १९२८ ला सुरू केली, रोज दोन आणे, घरी येऊन. २०२० ला ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र गल्लीबोळात चालूच आहे.

पोरांचं सांगतो. काही दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून त्याच्या हातनं पिग्मी द्यायचे. पाच-दहा रुपये. पोर मला विचारायचं, "काका, किती झाले?" मी वहीत दाखवायचो. रोजचा हा प्रश्न आणि रोजचं उत्तर, ह्याच्यात सगळं आलं. कपाटावरच्या भिशीत किती आहेत हे विचारायची सोय नाही, म्हणून पोरं तिला विसरतात. तुमची भिशी जड होतेय म्हणता, पोरगीला माहीत आहे का किती झाले? एक वही करा. तिच्याच हातानं लिहू द्या. शुद्धलेखन तपासत बसू नका.

आणि पिग्मीतही मधेच मोडली तर व्याज जातं. हा नियम घरी लावायला सोपा आहे.

उद्यमनगरी

वहीला अनुमोदन. पण मग पारदर्शक डबाच का नको? चढलेली पातळी दिसते.

लक्ष्मीपुरी_पिग्मी

पातळी दिसते, पण काल कुठं होती ते डब्यात दिसत नाही. वहीत दिसतं. आणि काय घेतलं तेही.

जयंतीनाला

मातीच्या भिशीत नोटा ठेवू नका एवढं सांगायला आलोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या तळमजल्यात आलं. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, आम्ही अंथरूण-पांघरूण घेऊन बाहेर. आल्यावर बघितलं तर भाचीची भिशी जागेवर, आतली नाणी ठणठणीत, नोटांचा लगदा. वेगळ्या करून, टॉवेलवर वाळवून बँकेत नेल्या. बऱ्याचशा बदलून मिळाल्या, दोन-तीन गेल्याच. मळक्या-फाटक्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून देतात, खातं तिथंच पाहिजे असं नाही. पूर सोडा, पावसाळ्यातली नुसती ओलसुद्धा नोटेला पुरते. आणि नोट बंद झाली तर? २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये किती भिश्या घाईघाईनं फुटल्या ते आठवा.

भोगावतीकाठ

आमच्या आत्तीच्या तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवाच्या फोटोमागं, सगळीकडनं निघाल्या होत्या. तिची भिशी म्हणजे अख्खं घर!

मिरजकर_तिकटी

सगळं वाचलं. पण लोकहो, नाणी आहेत कुठं? माझा मुलगा पाच वर्षांचा. मी भाजी घेतो, स्कॅन करतो, स्पीकरवर बाई सांगते इतके रुपये मिळाले. त्याला वाटतं भाजीवालीनं आपल्याला पैसे दिले! भाजीही दिली आणि पैसेही दिले. मी समजावलं, तर म्हणतो, मग बाई 'मिळाले' का म्हणाली?

मी आता आठवड्यातनं एकदा त्याला घेऊन कपिलतीर्थ मार्केटला जातो आणि फक्त रोख नेतो. ठरलेली रक्कम त्याच्या खिशात. मेथी, टोमॅटो, कोथिंबीर तो घेतो. संपले की संपले. परवा कोथिंबिरीला उरले नाहीत. दुकानदार मावशी म्हणाल्या, घे बाळा. मी नको म्हटलं. मावशी माझ्यावरच तापल्या. "एवढ्याशा पोराला काय हिशेब शिकवताय, पेढी काढणार काय?"

गुजरी_गल्ली

मावशींचं बरोबर आहे हो, कोथिंबीर फुकटच असते.

मिरजकर_तिकटी

तेच तर. तो आता रोज फुकट कोथिंबीर मागायला तयार आहे.

रंकाळावेस

किती छान लिहिलंय सगळ्यांनी. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना करडाची गोष्ट सगळ्यात आवडली आणि टॅमनीचा पुढारी. शिवाजीपेठ दादांचं वाचून त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आमच्या माहेरीपण असंच होतं.

लेकीला विचारलं, कशाला साठवायचं? तिला स्केटिंगचे बूट पाहिजेत. किंमत दुकानात जाऊन तिनंच विचारली. वहीवर लिहिली. मग म्हणाली, स्टिकरलापण पाहिजेत पैसे. म्हणून दोन भाग केले: एटीएम स्टिकर-चिंगमचं, त्यात काय करायचं ते तिचं तिनं ठरवायचं, आम्ही तोंड घालायचं नाही (नवऱ्याला जास्त जड जाणार आहे हे). भिशी बुटांची. पण भिशी मधे मोजायला उघडता येत नाही आणि ती फोडायला तयार नाही, तिच्यावर तिनं डोळे काढलेत, मिशा काढल्यात. बूट आले तरी फोडायची नाही म्हणते. आता?

पाहुणे घरी आले की आज्जीच्या समोरच तिच्या हातात पन्नास-शंभर देतात, ते कुठल्यात टाकायचे ह्यावर अजून भांडण आहे. आणि घरकामाचे पैसे द्यावेत का, हा वेगळा धागा होईल. मी देत नाही. ताट उचलायचे कसले पैसे?

पुण्यात_अडकलेला

घरकामाचे द्यावेत. श्रमाची किंमत कळते.

भोगावतीकाठ

मग आईच्या श्रमाचं बिल कोण काढणार, दादा? दर दहा दिवसांनी काढायचं का?

तांबडापांढरा

पुणेकर क्लीन बोल्ड.

उद्यमनगरी

रंकाळावेस ताई, भिशी फोडायची गरज नाही. चाकूची पात आत सरकवून भिशी उलटी धरायची, नाणी पात्यावरनं घसरत येतात. आम्ही लहानपणी सगळ्यांनी केलंय, घरच्यांना पत्ता नसायचा. तिला शिकवू नका म्हणजे झालं.

कायमचं पाहिजे असेल तर बुडाला भोक ठेवलेली भिशी करून घ्या. भोकाला लाकडाचा बूच. महिन्यातनं एकदा काढायचा, मोजायचं, वहीत लिहायचं, परत घालायचं.

बापटकॅम्प

आमच्या घरात चाकावर काम चालतं. भिशी करताना वरचं तोंड हळूहळू मिटवत आणतात, आत हवा राहते, माती थोडी कडक झाली की खाच पाडतात. बुडाला भोक पाडायला काही अडचण नाही, पण ते ओल्या मातीतच पाडायला पाहिजे. भाजल्यावर कुणी ड्रिल लावलं तर तडा जातो. गणपती आणि नवरात्र होईपर्यंत कुणाला वेळ नसतो, त्यानंतर पणत्या. दिवाळी झाल्यावर या. खाचेचं माप मात्र नक्की सांगा, हल्ली लोक आणून दाखवतात की दहाचं नाणं जात नाही.

उद्यमनगरी

माप देतो. दहाचं आणि वीसचं दोन्ही २७ मि.मी., वीसचं बारा कोनांचं आहे त्यामुळं थोडी ढिलाई पाहिजे. भाजून झाल्यावर खाच ३० बाय ३ मिळाली पाहिजे. तुमची माती वाळताना आणि भट्टीत मिळून साधारण किती आकसते?

बापटकॅम्प

दहात एक धरा. गाळ जास्त असला तर अजून थोडी.

उद्यमनगरी

मग कच्च्यात ३४ ठेवा, रुंदी साडेतीन. बूच मी लेथवर सागाचा काढून देतो, भोक भाजून आल्यावर मोजू. रंकाळावेस ताईंची एक, माझी एक.

सायबर_चौक

माझीपण एक. व्याज कमी केल्यापासून घरात वातावरण तंग आहे.

गुजरी_गल्ली

दोन माझ्या. एक मोठी करा, चिठ्ठ्यांसाठी. नवऱ्याच्या चिठ्ठ्या मावत नाहीत आता.